वाट्यानं दिलेला खेळाडू

मी चौथी शिकलेला माणूस आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी माझ्या लिहिण्यात काना-मात्रा शोधत बसायला नको. हिशोबात मात्र मला आजवर कुणी हरवलेलं नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आणायच्या आणि कारखान्याला ऊस घालायचा, हे काम मी उभी हयात केलं. कुणाला किती उचल दिली आणि कुणाची किती फिटली, हे तोंडावर सांगत होतो, आणि भांडण झालं तर समोरच्यालाच कागद आणायला लावत होतो.

अशा माणसाच्या हातात गेल्या वर्षी फुटबॉलचा क्लब आला. खरा नव्हे, मोबाईलमधला. खरा फुटबॉल मी मैदानावर कधी बघितलेला नाही. आमच्या खंडाळ्याच्या बाजूला कबड्डी आणि कुस्ती, बाकी सगळं टीव्हीत.

ह्या खेळात चेंडूला लाथ मारायची नसते. सामना आपला आपण होतो. आपण नुसतं मालकासारखं बसायचं. खेळाडू घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार द्यायचे. तिकिटाचे पैसे येतात, मैदानाचा खर्च जातो. समोर जगभरची माणसं आपापला क्लब घेऊन बसलेली. शनिवारी सकाळी आठवड्याचा हिशोब लागतो. शिल्लक असली तर आकडा हिरवा, तूट असली तर लाल. एवढं सोपं आहे, आणि एवढ्यानं माणसाची झोप जाते.

क्लब माझ्या पोराचा. तो फौजेत आहे. भरती झाला त्या वर्षी ट्रेनिंगमधल्या सोबत्यांनी मिळून हा खेळ धरला. पुढं बदल्या झाल्या, कोण वाळवंटात गेला, कोण बर्फात गेला, एकमेकांची तोंडं बघायला मिळंनात. पण सगळ्यांचे क्लब एकाच गटात आहेत. सामना झाला की तिथंच खाली लिहून एकमेकांची खोड काढतात. पोराचं म्हणणं, क्लब आहे तोवर आमी एका बराकीत हाय.

सुट्टी संपवून तो निघाला तेव्हा मी त्याला शिरवळला गाडीत बसवायला गेलो होतो. सून पण होती. तिथं हायवेच्या कडेला उभ्या उभ्या तो म्हणाला, "आण्णा, आता वर जितं चाललोय तितं नेट न्हाई. ह्यो मोबाईल इतंच ठेवून जातो, क्लब कुणीतरी बघाय पायजे."

सुनेनं हात पुढं केला. ती शिरवळच्याच एका कंपनीत स्टोअरला आहे, इंग्रजी वाचते. मोबाईल तिच्याकडं जाणार हे उघड होतं. मी मधेच म्हणालो, "दे इकडं."

"आण्णा, त्यात सगळं इंग्रजी हाय."

"आकडं कुटल्या भाषेत हाईत?"

पोरगा हसला. मग गाडी यायच्या आत त्यानं मला जेवढं जमेल तेवढं शिकवलं. शेवटी म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. लागोपाठ तीन शनिवार लाल राहिलं की खेळवाले क्लब मोडत्यात. मग परत मिळत न्हाई. माझी सगळी वर्षं त्यात हाईत. बाकी हरू द्या, जिंकू द्या, क्लब बुडू देऊ नका. आणि तो गोलकीपर हाय न्हवं, त्याला शक्यतो हात लावू नका. पयल्या दिवसापास्नं हाय तो."

"माझ्या हातात टोळी दिली आन् बुडली, असं कवा झालंय का?" मी विचारलं. सून दुसरीकडं बघत होती.

मी तो हट्ट का केला, तेही लिहितो. उसाचं बिल आता बँकेत येतं, आणि बँक सुनेच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये आहे. तिनं कधी एक रुपया इकडचा तिकडं केलेला नाही. खताचं पोतं घ्यायचं तरी मला विचारते. पण विचारणं वेगळं आणि पैसा हातात असणं वेगळं. पोराच्या क्लबाची थैली ही घरातली एकच थैली होती जिचं तोंड मी बांधणार होतो.

पहिले काही आठवडे मी जागेवर बसलो नाही. सकाळी उठलं की मोबाईल, पाणी धरायला गेलं तरी बांधावर मोबाईल. आकडा शनिवारीच हलतो हे माहीत होतं, तरी मंगळवारीसुद्धा उघडून बघायचो. बायको म्हणायची, "आवं, त्यो काय चुलीवरचा भात हाय का, सारखं झाकण उगडून बगायला?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला कळाय नगंच. तुमाला कळलं तरी बास हाय."

कळत होतं, तेच तर दुखणं होतं. आमच्या धंद्यात उचल आधी द्यायची आणि काम मागनं घ्यायचं. ह्या खेळात उलटं. खेळाडू हरला तरी पगार, बाकावर बसला तरी पगार, पाय मोडून पडला तरी पगार. पोरानं हौसेनं पंचवीस-तीस माणसं भरून ठेवलेली, त्यातली निम्मी मैदानात उतरतच नव्हती. असा मुकादम असता तर मी त्याला एका हंगामात घरी बसवला असता. पण पोराला कसं सांगणार?

तरी मी खर्च आवळला. मैदानात छताखालच्या खुर्च्या वाढवायचं पोराच्या मनात होतं, ते मी रद्द केलं. आमच्या जत्रेत कुस्त्या होतात तेव्हा पंचक्रोशीची माणसं मातीत मांडी घालून बसतात आणि एक जण उठून जात नाही. खेळ चांगला असला की माणूस खालीसुद्धा बसतो. हे मी सुनेला पटवून सांगितलं. ती म्हणाली, "आण्णा, ती माणसं खरी न्हाईत पण." मी म्हणालो, तिकिटाचे पैसे खरे धरतोस न्हवं, मग माणसं पण खरी धर.

इथंच मी तिला घाईत 'धरतोस' म्हणालो आणि ती दिवसभर त्याच्यावर हसत होती.

पण क्लब हरायला लागला. का हरायला लागला, ते आजही मला नीट सांगता येत नाही. हरलं की तिकिटं कमी खपतात, तिकिटं कमी खपली की आकडा खाली. हिरवा आकडा दर शनिवारी थोडा थोडा वाळत गेला. सगळ्यात मोठा पगार गोलकीपरचा. वय झालेलं, उड्या कमी झालेल्या, पगार मात्र पाटलासारखा. सून एकदा बोलता बोलता म्हणाली, "त्यालाच विकून टाका की. वय झालंय त्याचं. अजून कोण तरी चार पैसं दिल."

"वय झालं म्हणून विकायचं?"

"मी खेळातलं म्हणतीय, आण्णा."

"मी बी खेळातलंच म्हणतुय."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

आता माझा मेहुणा. हा आटपाडीचा, बायकोचा धाकटा भाऊ. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करतो, माझ्याएवढाच शिकलाय आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतो. त्याच्या नातवाचं जावळ होतं म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको आटपाडीला गेलो. दुसऱ्या दिवशी शनिवार, तिथं जनावरांचा बाजार. मेहुणा मला पहाटेच बाजारात घेऊन गेला. सगळीकडं बकऱ्यांचा गलका. मी एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहून मोबाईल उघडला आणि आकडा लाल झालेला बघितला.

पहिल्यांदाच लाल. मी डोक्यावरची टोपी काढून टेम्पोच्या चाकाला टेकलो.

"काय झालं ओ दाजी? कोण गेलं का?" मेहुणा जवळ आला.

"कोण न्हाई गेलं. तुला न्हाई कळायचं."

त्यानं वाकून बघितलं. "आरं, ह्यो खेळ! भाच्यानं मला बी शिकवलाय की. मागच्या सुट्टीत आलावता तवा. माझा बी क्लब हाय, खालच्या गटात."

मला हे माहीत नव्हतं. पोरानं मामाला शिकवलं आणि मला नाही. तिथल्या तिथं परत फिरावं असं वाटलं. पण लाल आकडा समोर होता.

"कसं काय चाललंय तुझं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लय झ्याक. पैसा पडून हाय. घेण्यासारखं कोण दिसंना."

मग मी त्याला माझं दुखणं सांगितलं. माझ्याकडं एक सतरा वर्षांचा पोरगा होता, मधल्या फळीतला, गुणी. पण आमचा क्लब बचाववाले शिकवायचा. ह्या खेळात एका वेळी एकच शिकवता येतं. त्यामुळं हा पोरगा नुसता पगार खात बसलेला. विकला तर आज कवडीमोल, आणि दोन हंगाम चांगला शिकवला तर सोनं.

मेहुण्याचे डोळे चमकले. त्याचा जन्म ह्यातच गेलाय. तो म्हणाला, "मग वाट्यानं द्या की मला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडं शेळीचं पिल्लू वाट्यानं देतात. पिल्लू माझं, चारा-पाणी आणि राबणूक तुझी. मोठं झालं, विकलं, की पैसे निम्मे-निम्मे. ह्यात कागद नसतो. मेहुण्याच्या अर्ध्या शेळ्या अशाच लोकांच्या दारात वाढतात आणि आजवर एकानं त्याला फसवलेलं नाही, त्यानं कुणाला फसवलेलं नाही.

"पोरगा माझ्याकडं धाडा," तो म्हणाला. "मी मधल्या फळीचंच शिकिवतो. पगार माझा, राबणूक माझी. इकला की निम्मं तुमचं."

"आन् माझा लाल आकडा?"

"त्याला उचल देतो. तुमच्याकडचं एकांदं मोडकं माणूस मला चढ्या भावानं इका. वाट्यातनं वळती करू."

व्यवहार चोख होता. त्यात कुठं खोट आहे हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. मेहुण्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला, खालून बोटं धरली आणि व्यापारी करतात तसा भाव ठरवला. आजूबाजूच्या माणसांना वाटलं, दाजी बकरं घेतोय. एक जण म्हणाला पण, "पाव्हणं, जरा दाबून धरा, लबाड हाय त्यो."

त्याच बाजारात, टेम्पोच्या सावलीला बसून, आम्ही दोन्ही व्यवहार केले. पोरगा गेला फुकटात म्हणावा अशा भावानं, आणि माझ्याकडचा एक लंगडा बचाववाला गेला घोड्याच्या भावानं. माझा आकडा हिरवा झाला. मी मेहुण्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली. परतीच्या एसटीत मी बायकोला सगळं समजावून सांगितलं. ती झोपली होती.

आठवड्याभरात मोबाईलवर एक लांबलचक इंग्रजी निरोप आला. असे निरोप सारखे येतात, हे घ्या, ते घ्या, जाहिराती. खाली एक बटण होतं, ते दाबलं की निरोप जातो. मी दाबलं. मग अजून एक आला, तो पण घालवला.

पुढच्या शनिवारी उघडून बघतो तर आकडा लाल. साधा लाल नव्हे, तळ दिसणार नाही असा लाल. लंगडा बचाववाला परत माझ्या यादीत. सतरा वर्षांचा पोरगा परत माझ्या यादीत. मला वाटलं मोबाईल बिघडला. बंद करून चालू केला. तसंच.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "दाजी! आवं, माझ्या खिशात हात घातला की कुणीतरी!"

"तुझ्या बी?"

"दंड मारलाय म्हनं. थोरल्या नातवानं वाचून दावलं. आमी दोघं चोर हाय म्हनं."

"चोर? कुणी म्हटलं?"

"खेळवाल्यांचं पंच असत्यात. ते म्हनत्यात. आता बाजार बंद आपल्याला. घ्यायचं न्हाई, इकायचं न्हाई."

सून कामावरून आली तोवर मी ओट्यावर येरझारा घालत होतो. तिच्या हातातली पिशवी खाली ठेवू न देता मोबाईल दिला. तिनं उभ्यानंच वाचलं. मग हळूच म्हणाली, "आण्णा, खेळवाल्यांनी आधी विचारलं होतं. दोन वेळा. असा व्यवहार का केला, खुलासा द्या म्हणून. तुमी उत्तरच दिलं न्हाई."

"मला वाटलं जाहिरात हाय."

"दोन्ही व्यवहार रद्द केलेत. वर दंड घेतलाय. आणि महिनाभर बाजार बंद."

बायको दारातून म्हणाली, "बगा, मी म्हनत हुते."

ती काहीच म्हणत नव्हती. ती एसटीत झोपली होती. पण त्या वेळेला भांडायला माझ्यात जोर नव्हता.

मी सुनेला म्हणालो, "लिही. त्यांना लिहून पाठव." आणि मी सांगत गेलो. आमच्याकडं वाटा काय असतो, पिल्लू कुणाचं, चारा कुणाचा, उचल कशी वळती होते. आम्ही दोघं सोयरे आहोत आणि सोयऱ्याशी व्यवहार करणं ही चोरी असेल तर आमच्या मुलखात सगळ्यांनाच आत टाकावं लागेल. तीन पिढ्या आमच्याकडं असंच चालतं. सून इंग्रजीत लिहीत होती. मधेच थांबून म्हणाली, "आण्णा, 'तुमच्या बापाला विचारा' हे लिहू का नको?"

"ते राहू दे."

उत्तर लगेच आलं. गोड होतं, सुनेनं वाचून दाखवलं. तुमची पद्धत आम्हाला आवडली, तुम्ही मुद्दाम केलं नाही हे कळतं, पण इथं प्रत्येक क्लबानं स्वतःच्या जोरावर उभं राहायचं असतं. दोन क्लबांनी आतून संगनमत केलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. दंड कायम.

माझं म्हणणं आजही तेच आहे. ज्याला सोयरा नाही त्याच्यावर अन्याय होत असेल तर त्यानं सोयरा करावा. पण त्यांचा फड, त्यांचा कायदा.

आटपाडीचा शनिवार त्याच दिवशी हिरवा झाला होता, तो धरला गेला नव्हता; म्हणजे मोजणीत हा पहिला लाल शनिवार. दुसऱ्या शनिवारी सामना बाहेरच्या मैदानावर होता, म्हणजे तिकिटाचा पैसा शून्य. आकडा आणखी खाली. आता एकच शनिवार हातात होता. त्या शनिवारी लाल राहिलं की क्लब मोडणार, आणि वर बर्फात बसलेल्या माझ्या पोराला त्याचा पत्तासुद्धा नसणार. नेट येईल तेव्हा उघडून बघेल आणि तिथं काहीच नसेल. सोबती सगळे असतील, तोच नसेल.

मला बसवेना. शेतात गेलो तर आल्यापावली परत. जेवायला बसलो तर अर्ध्यातून उठायचो. मी जे कापता येईल ते सगळं कापलं. शिकवणारे काढले, डॉक्टर काढला, नव्या पोरांची शाळा बंद केली. सुनेसमोर बसून बेरीज मांडली. पुढचा सामना घरच्या मैदानावर, तिकिटाचे एवढे येतील, जाहिरातवाल्यांचे एवढे. आकडा जवळ आला, पण लालच राहिला. एकच पगार होता जो काढला की बेरीज वर जात होती.

"विकता येत न्हाई," सून म्हणाली. "बाजार बंद हाय. नुसतं काढून टाकता येतं. फुकट."

"ठाऊक हाय मला."

"ह्यांना विचारायचं म्हटलं तर फोन लागत न्हाई."

"ठाऊक हाय म्हटलं न्हवं."

ती उठून आत गेली. मी मोबाईल घेऊन विहिरीवर गेलो. काय काय मनात आलं ते सगळं लिहीत नाही. महिन्याभरापूर्वी विकला असता तर चार पैसे आले असते, दुसऱ्या एखाद्या क्लबात तो उभा राहिला असता. मी विकू दिलं नाही, आणि आता त्याला रिकाम्या हातानं बाहेर काढायची वेळ माझ्यावरच आली. टोळीतल्या म्हाताऱ्या माणसाला मी कधी हंगामाच्या मधे परत पाठवलेलं नाही. बैलं सांभाळायला ठेवायचो, पाणी भरायला ठेवायचो, पण ठेवायचो. ह्या खेळात पाणी भरायचं काम नाही.

बटण दाबलं. खेळानं विचारलं, नक्की? दाबलं. परत विचारलं, नक्की? एवढं इंग्रजी मला आता वाचता यायला लागलं होतं. दाबलं. यादीत त्याच्या जागी खालची नावं वर सरकली, बाकी काही झालं नाही.

शनिवारी सकाळी सूनसुद्धा कामाला जायच्या आधी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. सामना आम्ही हरलो होतो, पोरानं ठेवलेला दुसरा गोलकीपर लेकरासारखा होता. पण आकडा हिरवा होता. थोडकाच, पण हिरवा. ती म्हणाली, "वाचला, आण्णा." मी म्हणालो, "गाडी चुकंल तुझी."

बऱ्याच दिवसांनी पोराचा फोन आला, सुनेच्या मोबाईलवर. घरची चौकशी झाली, मग त्यानं मला मागितलं. मी त्याला बोलू दिलं नाही. आधी मीच सगळं सांगितलं, बाजार, वाटा, दंड, दोन शनिवार. गोलकीपरचंही सांगितलं. पलीकडं वारा वाजत होता.

"त्याला काढला?" तो म्हणाला.

"काढला."

"आण्णा, त्याला हात लावू नका म्हणालो होतो की."

"शक्यतो म्हणाला होतास. शक्य न्हवतं."

मग तो म्हणाला, "मामाला बी दंड पडला?"

"त्याला माझ्यापेक्षा जास्त."

आता तो हसला. हसणं ओळखू येत होतं. पण लगेच आवाज बदलून म्हणाला, "ऐका आता. क्लब ऱ्हायला, बास झालं. आता मी येईस्तवर काय बी करायचं न्हाई. कुणाला घ्यायचं न्हाई, कुणाला द्यायचं न्हाई. पैसा साठू द्या. घेतलं तर परत लाल हुईल आन् आता सावरायला काय उरलं न्हाई. कळलं का?"

"कळलं."

"न्हाई, सांगा, कळलं का?"

आयुष्यात मला असं कुणी विचारलेलं नव्हतं. मी "व्हय" म्हणालो आणि फोन सुनेच्या हातात दिला.

काही करायचं नाही, हे काम मी ह्याआधी कधी केलेलं नाही. हंगाम नसतानासुद्धा मी गावोगाव फिरून पुढच्या वर्षीच्या टोळ्या ठरवायचो. आता दर शनिवारी आकडा थोडा थोडा चढत होता, आणि तो माझ्या हातानं चढत नव्हता. मी काही करत नव्हतो म्हणून चढत होता. हे गिळायला लय जड गेलं.

मग बंदी उठली. बाजार उघडला तसा मी नुसतं बघायला म्हणून गेलो. बघायला काय जातंय? आणि तिथं एक गोलकीपर दिसला. तरणा, हात लांब, पगार कमी. भाव कुणी वाढवलेला नाही. बोली दुपारपर्यंत उघडी. आमच्या पोरसवदा गोलकीपरनं त्या आठवड्यात पाच गोल खाल्ले होते. साठलेल्या पैशात हा सहज बसत होता. मी पगाराची बेरीज तीन वेळा करून बघितली. लाल होत नव्हता. पोराला वाटत होतं होईल, पण होत नव्हता. ह्या अंगठ्यानं एकदा दाबलं की झालं.

सून डबा भरत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि मोबाईल पुढं केला. "आज हे तू घेऊन जा."

"का? बिघडलाय?"

"घेऊन जा म्हटलं न्हवं."

तिनं माझ्याकडं बघितलं, मोबाईल पिशवीत टाकला आणि गेली.

तो दिवस कसा गेला विचारू नका. पाटाला बारं फोडून उसाला पाणी दिलं, उसातली वाळकी पानं काढली, गोठा झाडला. बायको म्हणाली, "आज काय अंगात आलंय?" दुपारी सूर्य डोक्यावर आला तसं मला कळलं, आता बोली संपली असणार. मी बांधावर बसलो, परत उठलो. पाणी प्यायलो. रानात हिंडलो.

संध्याकाळी फाट्यावर जाऊन थांबलो. एक गाडी गेली, ती तिच्यात नव्हती. दुसरीतून उतरली. मी रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेलो.

"कितीला गेला?"

"कोण, आण्णा?"

"गोलकीपर."

"मी उघडलाच न्हाई." तिनं पिशवीतून मोबाईल काढून दिला. मी तिथंच, ट्रकांच्या आवाजात, उघडून बघितलं. दुसऱ्याच कुठल्या देशातल्या माणसानं घेतला होता. मी लावणार होतो त्याच्या निम्म्या भावात.

"बघ," मी सुनेला दाखवलं. "बघ. निम्म्यात."

"व्हय की," ती म्हणाली. "चला आता, अंधार पडतोय."

मी मोबाईल तिच्याच पिशवीत परत टाकला आणि पुढं चालायला लागलो. "शनिवारी दे," मी म्हणालो. "आकडा बघायपुरता."